चेष्टा

प्रियंका : आधी गोळी घे, आजी. मग हवं तेवढं भांड.

भीमाबाई : नाई घेत. आमेरच्या वैदूची अश्वगंधा घेतली दुधात, बस झालं.

प्रियंका : सकाळी चक्कर येऊन मोरीत पडलीस.

भीमाबाई : मोरी वली होती. अन् तुह्या लॅबमधी हेच चूर्ण देता ना उंदरांले?

प्रियंका : देतो. मतलब, त्यांना दमेपर्यंत पोहायला लावतात. त्या ताणाने मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगते, छातीतली थायमस झिजते. अश्वगंधेने कमी झिजते का, ते बघतो.

भीमाबाई : पाप्यांनो! मुक्या जीवाले बुडवता, मंग औषध पाजता!

प्रियंका : पण ते उंदीर वर्षानुवर्षं दम्याची स्टेरॉइडची गोळी खात नव्हते. तू खायचीस. त्याने तुझी अ‍ॅड्रिनल झोपलीय. गोळी एकदम सोडली तर...

भीमाबाई : तर मरीन. बोल ना, लाजतं कायले?

प्रियंका : आजी!

भीमाबाई : अन् थे छातीतली? माही झिजली असंन.

प्रियंका : थायमस? म्हातारपणी ती राहतच नाही. नुसती चरबी.

भीमाबाई : म्हंजे झिजाले बी काई उरलं नाई.

प्रियंका : बाबा गेले त्या दिवसापासून गोळी बंद केलीस. का?

भीमाबाई : माहा दशरथ. बस्सीच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलेला. दवाखान्यात तू बाहेर येऊन मले काय सांगतलं?

प्रियंका : आठवत नाही.

भीमाबाई : मले आठवते. 'डॉक्टरांनी शेवटपर्यंत चेष्टा केली, आजी.' मरत्या लेकराची थट्टा करतेत थे? त्यायची गोळी माह्या घशाखाली नाई उतरत.

(प्रियंका हातातला पेला खाली ठेवते.)

प्रियंका : आजी... हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. इथल्या हिंदी शाळेत आम्हाला तेच शिकवलं. मी तेच बोलले.

भीमाबाई : हसले नाई थे?

प्रियंका : नाही गं. बाबांची छाती दाबून दाबून तो डॉक्टर घामाने भिजला होता. नंतर भिंतीला टेकून खालीच बसला.

भीमाबाई : मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. रोज.

प्रियंका : त्याला कुठे ऐकू आलं?

भीमाबाई : दशरथाले आयकू आलं असंन.

प्रियंका : रडू नकोस. गोळी घे.

भीमाबाई : दे इकडं. अन् बस अशी माह्याजवळ. आता सांग, माहा लेक कसा गेला. मराठीत सांग.