तीनशे दोन नंबरचं घर

हसू नका, मी दारोदार मासे विकते म्हणून ही चोरी कळली. तेव्हा चंदनसारला नव्या बिल्डिंगी उठत होत्या. माझ्याकडून मासे घेणाऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मावशी, पुढल्या महिन्यापासून मासे नव्या घरी आणा. नाक्यावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला, तीनशे दोन."

माझा कोयता हातातच राहिला. त्याच बिल्डिंगीतला तीनशे दोन परवा टेलरच्या बायकोनेही आपलं नवं घर म्हणून मला सांगितला होता.

"बाई, पैसे दिले काय?"

"अर्धे दिले. बाकीचे उद्या, दागिने मोडून."

"कोनाला दमडी देऊ नका. आधी माझ्यासंगती चला."

बिल्डरच्या हापिसाबाहेर बाईंना उभं केलं आणि मी एकटी आत गेले. टेबलामागचा माणूस नाक मुरडून म्हणाला, "मासे नकोत."

"मासे राहू दे. मला घर पायजे. पैसे रोख देते."

लगेच खुर्ची आली, चहा आला. "मावशी, नशीब काढलंत! एकच उरलंय. तीनशे दोन."

हे ऐकून बाई धडपडत आत आल्या. त्यांचे पैसे याच माणसाने हातात घेतले होते, पण मेल्याने त्यांना ओळखलंसुद्धा नाही.

म्हणाला, "ताई, जरा थांबा. आधी मावशींचं बुकिंग होऊ दे."