तिसऱ्या ‘नको’ला होकार

मंडळी, आज सवाल एकच! जगानं जी खूण ठरवलीय ती पाळावी, की तिथंही आपली अक्कल पाजळावी? अहो पुढचे काका, तो मोबाईल खिशात घाला — तुमच्याबद्दलच चाललंय!

तर ऐका. लांज्याचा एक कौस्तुभ. मोबाईलची अ‍ॅपं बनवायचा. त्यानं लग्नं जुळवायचं अ‍ॅप काढलं. मित्र म्हणाला, "अरे, 'नको'चं बटण म्हणजे नको. सगळीकडे असतं तसंच ठेव."

हा म्हणतो कसा — "जगाला मराठी माणूस कळतो का रे? पंगतीत जिलबीला आपण 'नको नको' म्हणतो, आणि पानात पडली की गुपचूप संपवतो! आपल्याला आग्रह लागतो, आग्रह!"

झालं! 'नको' दाबलं की अ‍ॅप म्हणणार, "अहो, असं काय करता?" पुन्हा दाबलं — "आमच्या शब्दाखातर!" आणि तिसऱ्यांदा दाबलं, की परस्पर पलीकडे निरोप — "पसंत आहे, या!"

त्याची धाकटी बहीण ऋजुता. तिला अजून शिकायचं होतं. पण आईनं बळंच तिचं नाव त्याच अ‍ॅपात घातलं. राजापूरचं स्थळ आलं. पोरीनं दाबलं — नको. नको. नको!

रविवारी सकाळी दारात जीप! अकरा माणसं, नारळ, पेढे, फेटा बांधलेले आजोबा! कौस्तुभ दात घासत बाहेर आला — ब्रश तोंडातच राहिला!

ऋजुता म्हणाली, "माफ करा, मी तीनदा नको म्हटलंय."

नवरा मुलगा मान खाली घालून म्हणतो, "मीपण तीनदाच!"

हसा, हसा! पण पुढं ऐका. आई म्हणाली, "अगं, माणसं दारात आलीत, पोहे तरी घेऊन ये." मुलाचे वडील म्हणाले, "बघायला काय जातंय?" आणि आजोबा — "आमच्या शब्दाखातर!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं हो! भावाला म्हणाली, "दादा, तुझं अ‍ॅप तू संध्याकाळपर्यंत नीट करशील. पण यांचं काय करू?"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. ब्रश काढून म्हणाला, "मंडळी, चूक माझी. पोहे मी करतो. खा, आणि सुखरूप जा. लग्न नाही."

अ‍ॅप सुधारलं. तुमचं काय? मघाशी खदाखदा हसलात ना? घरात लेक 'नको' म्हणते, ते तुम्हाला कितव्यांदा ऐकू येतं? का — आता का गप्प?

चला, देवाचं नाव घ्या. एकदाच घ्या. तो पहिल्यांदाच ऐकतो!