दरीत गेलेलं घोंगडं

नामांतराचा मोर्चा पुढे सरकेपर्यंत सोयगावची गाडी सुटणार नव्हती. स्टँडवरच्या रांगेत माझ्यापुढे एक धनगरीण आणि पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक तरुण उभा होता.

"पोरा, पाठीवर समदं घरच घेतलंस व्हय?"

"तसंच समजा, मावशी. चितेगावच्या कारखान्यात असतो. सुट्टी मिळाली की डोंगर चालतो. पौषात गौताळ्याहून अजिंठ्याला निघालो होतो."

"पायी? गाड्या बंद होत्या का?"

"हौस हो! पण एके दिवशी वाट चुकलो, ओढ्यात पडलो, पांघरूण भिजलं. दिवस मावळला, थंडीनं चालवेना. तेवढ्यात शेरडांच्या घंटा ऐकू आल्या. सोयगावकडचे बिरूमामा होते. अंगावरचं घोंगडं त्यांनी माझ्यावर टाकलं. सकाळी वाटेला लावताना म्हणाले, 'राहू दे, घरी दुसरं हाय.' तेच द्यायला निघालोय."

"बघू दे. अगं बया! काठाची ही पांढरी शिवण माझ्या हातची हाय."

"म्हणजे?"

"आमचं मालक ते. घरी येऊन म्हणले, वाऱ्यानं घोंगडं दरीत गेलं. लई बोलले मी त्यांना. आन् दुसरं कुठलं रं? सारा हिवाळा गोणपाटावर काढला."

"मावशी, त्यांच्यामुळं जिवंत आहे मी."

"मंग आधी घरी चल, भाकर खा. पण खरं काय ते मला कळलंय, हे त्यांना सांगू नगंस."

"मग घोंगडं कसं देऊ?"

"माझ्यादेखत दरीत घावलं म्हण. मी बी म्हणते, वारा लई भला होता."