कच्चा टाका

(बॅगदुरुस्तीचं दुकान, शटर अर्धं खाली. काउंटर आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या जागेत सासू आणि सून समोरासमोर उभ्या. सासूचं मनगट नुकतंच सुनेच्या हातातून सुटलं आहे.)

सासू : थांब. मी आत्ता काही केलंच नाही.

सून : केलंत की, आई. मनगट फिरवलंत, सुटलात. छान सुटलात.

सासू : फिरवलं नाही. फिरवायचा नुसता विचार केला आणि काय होतं ते बघत राहिले. तर हात आपला बाहेर!

सून : म्हणजे अंगात भिनलं. मास्तर म्हणतातच, एक दिवस हात आपोआप...

सासू : मास्तरांना मध्ये घालू नकोस. किल्ली लावायच्या आधीच कुलूप उघडलं, तर मी किल्लीचं कौतुक करत नाही, कुलपाकडे बघते. तू सोडतेस.

सून : नाही हो.

सासू : माझ्याकडे बघून सांग.

सून : थोडंसं.

सासू : कधीपासून?

सून : आधी सांगा, चिडणार नाही ना?

सासू : ते तुझ्या उत्तरावर आहे.

सून : स्वसंरक्षणाच्या क्लासच्या पहिल्या दिवसापासून.

सासू : अगं बाई! म्हणजे इतके महिने मी जे सुटत होते...

सून : ते मी सोडत होते. सगळंच खोटं नाही हो. काठीचं खरं आहे. काठीत तुम्ही माझ्याहून बऱ्या आहात.

सासू : मग काठी घेऊन बसू का दुकानात? मी गेले होते रिकाम्या हाताचं शिकायला. त्या भल्या माणसाने आधी काठ्याच फिरवायला लावल्या. म्हणे मी जहाजावर भटारखान्यात होतो तेव्हा फिलिपिनो खलाशांनी मला असंच शिकवलं, आधी हातात काठी, मग काठी काढून घ्यायची, हाताची वाट तीच राहते. बरं म्हटलं. काठी काढली, वाट राहिली, आणि वाटेत ही माझी सून उभी. दार उघडून!

सून : मग मी काय करायचं होतं? सासूचं मनगट आवळायचं कसं? हातच धजत नाही. लग्न झाल्यापासून तुमच्यापुढे कधी वर तोंड करून बोलले नाही मी.

सासू : बोलली नाहीस. भांडी आपटतेस.

सून : भांड्यांचं वेगळं.

सासू : ते राहू दे. आता तुझा नवरा येईल पाच वाजता. बरोबर तो मोबाइलच्या कव्हरवाला, करारनामा घेऊन. त्याचं काय करू ते सांग.

सून : ह्यांच्याशी पैज मारायचीच कशाला तुम्ही? ‘माझं मनगट धर, सुटलं तर दुकान मी चालवीन, नाही सुटलं तर भाड्याने दे, मी सही करते.’ एवढ्या हिशेबी तुम्ही, आणि असं बोलून बसलात!

सासू : सुटतं असं वाटत होतं म्हणून बोलले! रोज इतक्या सफाईने सुटत होते, म्हटलं म्हातारीत दम आहे अजून. खोटं नाणं खरं समजून बाजारात निघाले होते मी. आणि ते पाडलं कोणी, तर घरच्याच माणसाने.

सून : मी त्यांना सांगू का, जरा हळू धरा म्हणून?

सासू : म्हणजे एका लबाडीवर दुसरीचं ठिगळ. नको. ठिगळं मी दुसऱ्यांच्या बॅगांना लावते. चल, धर. खरं धर.

सून : खांदा दुखेल तुमचा.

सासू : खांदा त्या बॅगचोराने ओढलं त्या दिवशीच दुखून झाला. जरा इकडे सरक, त्या लटकवलेल्या बॅगा पाडशील. हं, धर.

सून : धरलं.

सासू : अरे देवा! ही पकड होती कुठे इतके दिवस?

सून : लॅबमध्ये. रक्त काढताना लहान मुलं हात ओढतात. सुई आत असताना हात हलून चालत नाही. सोडू?

सासू : खबरदार सोडलंस तर. ओढून बघते.

सून : ओढू नका ना. ओढलंत की माझी बोटं आपोआप आवळतात.

सासू : आपोआप? तू आवळत नाहीस?

सून : नाही. हळूच ओढून बघा. जाणवलं?

सासू : जाणवलं गं! गंमतच आहे. मी जितकं ओढते, तितकी माझीच मी बांधली जाते. म्हणजे त्या दिवशीसुद्धा हेच झालं असणार. स्कूटरवरून तो ओढतोय, इकडून मी ओढतेय.

सून : पट्टा सोडून द्यायचात ना, आई.

सासू : मी सोडीपर्यंत तरी तुटायला नको का तो? दुसऱ्या कोणाच्या हातची बॅग असती तर पहिल्याच झटक्याला पट्टा त्याच्याकडे आणि मी जागेवर उभी. पण शिलाई माझी. दुहेरी, वर कातड्याचा जोड. पक्कं काम! त्या पक्क्या कामापायी मी कोपऱ्यापर्यंत फरपटत गेले. एवढी जोरदार जाहिरात या बाजारात कोणी केली नसेल, आणि बघायला गिऱ्हाईक एकही नाही.

सून : हसवू नका, पकड सुटते माझी.

सासू : सोडू नकोस. धरलेलं असताना बोलायला बरं पडतंय. एक विचारते. हात जसा खरा धरलायस तसं खरं सांग. मी दुकान पुन्हा उघडावं असं तुला का वाटतं?

सून : तुमचं मन रमतं इथे. माणसं येतात-जातात...

सासू : सैल झाली बघ पकड.

सून : काय?

सासू : बोटं. ‘मन रमतं’ म्हणालीस आणि बोटं सैल पडली. आता खरं सांग.

सून : बरं. तुम्ही दिवसभर घरी असता त्याचं मला ओझं होतं. मी लॅबमधून दमून येते आणि तुम्ही माझं कपाट लावून ठेवलेलं असतं. माझ्याच घरात माझे मोजे मला तुम्हाला विचारून शोधावे लागतात.

सासू : मोजे उजवीकडच्या खणात आहेत.

सून : हेच! हेच म्हणतेय मी!

सासू : हं. आत्ता घट्ट आहे.

सून : रागावलात?

सासू : नाही गं. मलाही त्या कपाटाचा वीट आलाय. उसवायला-शिवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तुझे खण धरले. ते जाऊ दे. आता ह्यातून सुटायचं कसं ते बघू. आधी काय?

सून : आधी डावा हात. मास्तर त्याला जिवंत हात म्हणतात. ज्याला कोणी धरलेलं नाही तो जिवंत. सगळे जण धरलेल्या हाताकडेच बघत बसतात आणि हा बापडा नुसता लोंबकळत राहतो. त्याने इथे, माझ्या कोपराच्या जरा खाली, ठोसा. मग माझा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात त्या फटीतून तुमचं मनगट बाहेर. ओढायचं नाही. कोपर माझ्याकडे, पुढे आणायचं.

सासू : ठोसा तर मी रोज मारते.

सून : मारता? इस्त्री तापली का बघायला लावतात तसं बोट लावता.

सासू : मग सुनेला मारू का? उद्या माहेरी जाऊन सांगशील.

सून : बघा! मी सासू म्हणून सैल धरते, तुम्ही सून म्हणून हळू मारता. इतके महिने आपण तिथे मारामारी नाही शिकलो, एकमेकींचा मान राखत होतो.

सासू : तोही फी भरून. घरी फुकट राखला असता. मारू?

सून : मारा.

सासू : खरंच मारू?

सून : कपाटाबद्दल काय म्हणाले ते आठवा.

सासू : हां, आलं लक्षात.

सून : आयाया!

सासू : सुटला! तू सोडलास?

सून : नाही! देवाशपथ नाही. बोटं उघडली. मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी.

सासू : लागलं का फार? दाखव बघू. इथे ना? मग जरा वर मारलं तर काय होईल? आणि आतल्या बाजूने? कुठे मारलं की जास्त उघडतात?

सून : आई, ह्याच हाताने मला उद्या लोकांचं रक्त काढायचंय.

सासू : एकदाच गं. जरा वर. धर.

सून : धरलं. आऽऽ! वर नको. खालचंच बरोबर आहे. खालचंच!

मुलगा : काय चाललंय आत? रस्त्यापर्यंत आवाज येतोय. भांडताय का तुम्ही दोघी?

सून : नाही हो. आज पहिल्यांदा काहीतरी धड चाललंय. शटरखालून या, वाका जरा.

मुलगा : तो गाडीत बसलाय, कागद तयार आहेत त्याचे. आई, हे बघ, ते पैजेचं काही मनावर घेऊ नकोस. तू इथे सही कर आणि आपण...

सासू : धर.

मुलगा : आई, अगं...

सासू : बोललोय ना आपण? धर.

मुलगा : हे घे. धरलं.

सासू : हे धरणं झालं? तुझ्या ड्रायव्हिंग क्लासातल्या शिकाऊ बाईचं स्टिअरिंग सावरतोयस का? तुझ्या बायकोसारखं धर.

मुलगा : म्हणजे?

सून : अहो, घट्ट धरा. अगदी घट्ट.

मुलगा : तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?

सून : आईंच्या. म्हणून तर सांगतेय, घट्ट धरा.

मुलगा : झालं? आता सुटत नाही ना? बघ. हेच मी सांगत होतो. आई, त्या दिवशी मी आलो तेव्हा तू फुटपाथवर बसली होतीस, एक चप्पल पायात, आणि मला म्हणालीस, ‘बॅग वाचली.’ खांदा कुठल्या कुठे गेलेला, आणि बॅग वाचली! मी तेव्हापासून ह्या रस्त्यावर कोणाला गाडी शिकवायला आणत नाही. लांबून वळसा घालतो.

सासू : मला कुठे माहीत होतं हे!

मुलगा : सांगण्यासारखं काय आहे त्यात.

सासू : तुझा पाय लहानपणापासून ब्रेकवरच. दुखेल हं, बाळा.

मुलगा : काय दुखे... आई गं!

सासू : इथेच आहे. सुटलं का?

मुलगा : सुटलं. हे काय केलंस तू? मी सोडलं नव्हतं, खरंच सांगतो.

सासू : माहीत आहे. सोडलं असतंस तर मला कळलं असतं. आता मला कळतं.

सून : हात चोळू नका, झटका. मुंग्या जातील. मला आज दोनदा आल्यात.

मुलगा : थांबा. थांबा दोघी. हे ठीक आहे, मानलं. पण तो स्कूटरवाला मनगट धरायला येत नाही, आई. तो बॅगेला हात घालतो. तिथे तुझा ठोसा काय करणार?

सून : हे मात्र खरं आहे, आई.

सासू : खरंच आहे. म्हणून ती खुंटीवरची माझी बॅग दे. दे इकडे. घातली खांद्यावर. आता तू स्कूटरवर आहेस असं समज आणि ओढ.

मुलगा : वेडी आहेस का? खांदा पुन्हा...

सासू : झटका दे म्हणते ना. घाबरू नकोस.

मुलगा : आई! पट्टा तुटला! माझ्या हातात आला अख्खा!

सासू : येणारच. कडीपाशी कच्चा टाका घातलाय. एकेरी, जुन्या दोऱ्याचा. सामान पेलतो, झटका पेलत नाही.

मुलगा : तू घातलास? कच्चा टाका? तू लोकांच्या घरी गेलीस तरी त्यांच्या बॅगांची शिवण तपासतेस!

सासू : घातला. दोनदा उसवून पुन्हा पक्का केला, हात ऐकत नव्हता. मग मास्तर म्हणाले, बाई, आमच्या विद्येत आधी हात मोकळा ठेवायचा, वस्तू ज्याला हवी त्याला नेऊ दे. आपण आपल्याला घेऊन घरी यायचं. तेव्हा कुठे जमलं. तरी वरून झाकपट्टी लावलीय, कोणाला दिसायला नको. दुकानाचं नाव जाईल.

सून : मला सांगितलं नाहीत.

सासू : तू सांगितलं होतंस, मला सोडत होतीस ते? फिट्टंफाट.

मुलगा : त्याला काय सांगू मग? गाडीत बसलाय तो.

सासू : सांग, जागा रिकामी नाही. आणि त्याच्या त्या काळ्या बॅगेची चेन अर्ध्यात अडकते, मागच्या वेळी बघितलंय मी. आत ये म्हणावं, रनर बदलून देते. शटर पूर्ण वर कर जाताना.

मुलगा : करतो. तेल घालायला हवं ह्याला.

सून : आई, तुमच्या मनगटावर माझी बोटं उमटलीत हो. बाही खाली घ्या. लोक म्हणतील, सुनेनं...

सासू : दिसू देत. विचारायला म्हणून तरी आत येतील.