टकामका बघणारं पिल्लू

सिरसाळ्याच्या एसटीत छबुबाईच्या पुढच्या सीटवर एक ऊसतोडणीची तरणी बाई अन् एक म्हातारबाबा बसले होते. बाईच्या पदरात काहीतरी वळवळलं, तसे छबुबाईचे कान तिकडंच लागले.

“सशाचं हाय का गं, पोरी?”

“व्हय बाबा. दुपारी फडात घावलं. आई न्हाई त्याला, एकलंच पडलंतं.”

“आई न्हाई कशावरून?”

“लई येळ बघितलं. कुणीच आलं न्हाई.”

“बाजारातल्या पांढऱ्या सशाचं पिल्लू एवढं असतंय तवा आंधळं, उघडंनागडं असतंय. हे बघ, अंगावर केसं हायत अन् टकामका बघतंय. रानातला ससा हाय हा. ह्येची आई ह्येला उघड्यावरच ठिवती अन् आपुन लांब बसती.”

“कावून?”

“जवळ बसली तर कोल्ह्याला वास लागतो. दिस मावळला की येती, एकडाव पाजती अन् जाती.”

“रोज?”

“रोज. त्याच जागी.”

“मी लेकीसाठी घेतलंतं, बाबा. चार महिनं झालं, आजीपाशी हाय ती. आज येते म्हणून सांगितलंय.”

“हं.”

“किती वाजले?”

“साडेचार.”

“कंडक्टर, गाडी थांबवा! मला उतरायचंय.”

“बाई, ह्याच्यामागं गाडी न्हाई. एकदम उद्याच हाय.”

“थांबवा म्हणते ना!”

“अगं, लेक वाट बघंल की तुझी.”

छबुबाईनं वाटेतली आपली पिशवी उचलून घेतली.

“बघू द्या, बाबा. तिला ठाव हाय, तिची आई येती म्हणून.”