रातव्याची अंडी

बारवीच्या जंगलातलं तुम्हाला कधी सांगितलंच नाही. मे महिना होता. स्वर्गीय नर्तकाच्या मागे मी सकाळपासून कॅमेरा घेऊन नुसता पळत होतो. तो पक्षी एका फांदीवर टिकेना आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना.

इतक्यात करवंदं तोडणारी ठाकरवाडीतली एक बाई ओरडली, "दादा, पाय टेकू नको!"

मला वाटलं, साप! मी एका पायावर तसाच थिजलो. उचललेल्या बुटाखालच्या पाचोळ्यातून, त्याच रंगाचा एक रातवा पक्षी भुर्रकन उडाला. खाली उघड्यावर दोन अंडी होती.

बूट बाजूला टेकवून मी घाईघाईनं कॅमेरा डोळ्याला लावला.

बाई म्हणाली, "फोटो काय काढतोस? तू गेल्याबिगर ती पाखरीण बसायची नाय. उन्हात भाजतील ना अंडी!"

मी कॅमेरा पिशवीत कोंबला आणि पळत सुटलो, तो थेट बदलापूरच्या रस्त्यावर थांबलो.