पुढचं वळण

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या; मुलीच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. आईने तिला विचारलं,

“डॉक्टर हो म्हणाले, तर पुन्हा मोटारशर्यतीत उतरणार?”

“उतरणार.”

“बसल्या जागी चाक फिरवायचं, याला खेळ म्हणतात?”

“चाक हात फिरवतात गं, दमतं ते डोकं. एका वळणावर असतानाच पुढचं वळण डोक्यात घ्यावं लागतं.”

“तुला वळण लावण्यात माझा जन्म गेला, आणि तू मला वळणं शिकव.”

“हस खुशाल. पण तिथे मन जरा भरकटलं, की गाडी कठड्यावर.”

“मागच्या वेळी भरकटलं होतं?”

“हो.”

“कशापायी?”

“निघताना तू दाराशी आली नाहीस. तेच घोळत राहिलं.”

“म्हणजे खापर माझ्यावर.”

“तू विचारलंस, म्हणून सांगितलं. मन सगळंच्या सगळं ट्रॅकवर ठेवावं लागतं, आई.”

“तुझं तू ठेवशील तिथे. शर्यत संपेपर्यंत माझं मी कुठे ठेवू?”

आतून हाक आली. मुलीने काळा चष्मा काढून आईच्या मांडीवर ठेवला आणि ती तपासणीच्या खोलीत निघून गेली.